सातव्या प्रकरणातली चटणी

शैला,

भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी सवय जुनीच. स्टाफरूममध्ये मी तावातावानं बोलत असायचे आणि तू पर्स खांद्याला लावून म्हणायचीस, "नलू, तुझं चालू दे, माझी रिक्षा आली." उरलेलं भांडण मी दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला पुरं करायचे. आता डब्याची वेळ रोज होते, आणि तुझ्या खुर्चीवर कुणीतरी हजेरीची रजिस्टरं रचून ठेवलीत.

हे लिहितेय ते तुझा गौरव करायला नाही. तो शोकसभेत झाला. प्राचार्यांनी तुला हाडाची शिक्षिका म्हटलं, आणखी कुणी मृदुभाषी म्हटलं. मृदुभाषी! मी मान खाली घालून बसले, नाहीतर त्या तसल्या वेळी हसू फुटलं असतं. तू मूळची मंगळवेढ्याची. चिडलीस की वर्गातलं मराठी गळून पडायचं आणि "लई शानी हाईस तू, गप की जरा" असं बाहेर यायचं, तेही बहुतेक वेळा माझ्याचसाठी. ते ऐकायला आता मी कुठं जाऊ, हे त्या सभेत कुणी सांगितलं नाही.

मला बोलायचंय सातव्या प्रकरणाबद्दल. ते तू असं काही करून ठेवलंयस की मला धड रडताही येत नाही.

आठवतंय ना सुरुवात कशी झाली? करोनात कॉलेजनं आपला आरोग्य समुपदेशनाचा अभ्यासक्रम ऑनलाइन केला आणि मी फोनसमोर तास तास बोलत बसायला लागले. पडद्यावर नुसते नावांचे काळे चौकोन. एकदा मी थांबून विचारलं, "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" तर कुणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी तेवढी आली. तू म्हणालीस, "तू व्याख्यान देतेस आणि त्या भाजी निवडतात. बरोबरच आहे त्यांचं. त्यांना काहीतरी करायला दे." आपल्या विद्यार्थिनी कोण? कुणी आरोग्य केंद्रातली परिचारिका, कुणी गावातली आशाताई, कुणी दवाखान्यात केसपेपर काढणारी. दिवसभर नोकरी, मग घर, मग आपण. त्यांच्यापुढे रोज घाबरलेली माणसं येतात, आणि घाबरलेल्या माणसाशी बोलायचं कसं हे आपण त्यांना पीडीएफ पाठवून शिकवत होतो.

तिथून तुझ्या केस स्टडी सुरू झाल्या. केस म्हटलं की बाया पोलीस ठाण्यात बोलावल्यासारख्या दचकतात, म्हणून तू 'प्रकरण' म्हणायला लागलीस. सोमवारी सकाळी ॲपवरच्या चर्चेत पहिला भाग टाकायचा. एक माणूस, त्याची एक अडचण, आणि गोष्ट ऐन निर्णयापाशी आणून तोडायची. बुधवारी दुसरा भाग, म्हणजे आधी न सांगितलेली एखादी गोष्ट, जिच्यानं पहिलं मत डळमळीत व्हावं. रविवार संध्याकाळपर्यंत प्रत्येकीनं सांगायचं की हा माणूस तुमच्यासमोर बसला असता तर तुम्ही काय बोलला असता. टाइप करता येत नसेल तर आवाज पाठवा. आणि दुसरीच्या उत्तराला उत्तर द्या, नुसतं 'सहमत आहे' लिहिलंत तर गुण नाहीत.

पहिल्या वेळी सगळ्यांनी 'खूप छान प्रकरण, मॅडम' लिहून खाली हात जोडले होते. पण दोन-तीन आठवड्यांत बाया पेटल्या. इन्शुलिन घ्यायला तयार नसलेल्या एका आजोबांवरून अक्कलकोटची परिचारिका आणि करमाळ्याची आशाताई अशा जुंपल्या की मला मध्ये पडावं लागलं. तू मात्र खूष. शुक्रवार पेठेतल्या तुझ्या गल्लीतून कानाला इअरफोन लावून, त्यांचे आवाज ऐकत, "व्हय की, बरोबर हाय" असं हवेशी बोलत जायचीस. तुझ्या शेजाऱ्यांनी काय समजूत करून घेतली असेल देव जाणे. त्या बायांना बोलतं केलंस तू, शैला. मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते.

एकाच गोष्टीवरून आपलं कधी जमलं नाही. शेवट. प्रत्यक्षात त्या माणसाचं काय झालं ते तू शेवटच्या तासाला सगळ्या प्रकरणांचं एकदम सांगायचीस, तोवर ओठ शिवलेले. "शेवट कळला की सगळ्याजणी शहाण्या होतात," म्हणायचीस, "आधी शहाणं होता येतं का ते बघू दे." मी सिनेमा बघतानासुद्धा शेजारणीला शेवट विचारणारी. मला वाटायचं, बायांना असं अधांतरी ठेवणं बरं नाही. त्या घरी जाऊन खऱ्या माणसांना सल्ले देतात.

प्रकरणं खरीच असायची, तुझ्यामाझ्या बघण्यातली. म्हणून ओळख पुसणं आलं, आणि ते काम माझ्याकडे. सुरुवातीच्या एका प्रकरणात आपण नाव बदललं पण बाईचा नवरा गावातली एकुलती एक पिठाची गिरणी चालवतो हे तसंच राहू दिलं. थोड्याच वेळात अक्कलकोटकडच्या एकीनं लिहिलं, "अय्यो मॅडम, हे तर आमचे गिरणीवाले अण्णा!" तू प्रकरण काढून टाकलंस आणि स्वतः जाऊन त्या घरची माफी मागून आलीस. तेव्हापासून नियमच केला. जिल्हा बदलायचा, धंदा बदलायचा, प्रसंग बदलायचा, पण प्रसंगाचं ओझं तेवढंच ठेवायचं. लग्न असेल तर परीक्षा कर, बाळंतपण असेल तर लग्न. शेवटचा हात माझा. देऊळ, बस, खाणं, बोलीतला एखादा शब्द, जे जे बोट दाखवेल ते मी काढून टाकायचे. मला या कामाचा जरा गर्वच होता. तू म्हणायचीस, "नलूनं पुसलं की बाईला तिची आई बी वळकायची न्हाय."

सातवं प्रकरण तू असंच माझ्यापुढे ठेवलंस. कमलताई, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शिवणक्लास चालवणारी. नवरा नाही, एक मुलगी. पोटात गाठ निघालीय, डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा. मुलीचं लग्न तोंडावर आलंय. कमलताईंनी घरात कुणाला सांगितलेलं नाही, लग्न झाल्यावर बघू असं त्यांच्या मनात आहे. त्या तुमच्यापाशी येऊन बसल्यात. तुम्ही काय बोलाल?

मी वाचलं आणि म्हटलं, चांगलंय, पुसलंयही नीट. एकच ओळ खटकली. 'जेवण जात नसल्यामुळे त्या दुपारच्या डब्यातली शेंगाचटणी मैत्रिणीपुढे सरकवतात आणि मैत्रीण आवडीनं खाते.' मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"शेंगाचटणी म्हणजे सरळ सोलापूर. विदर्भात कुठली? काढ ही ओळ."

"नक्की काढू?"

"अगं, ओळखेल ना कुणीतरी."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "कोण वळकतंय?" आणि ओळ काढून टाकलीस.

त्या दिवशीसुद्धा तुझ्या डब्यातली चटणी मीच खाल्ली होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, वर दही. कितीतरी दिवस तू "घे नलू, मला आज नको" म्हणत होतीस आणि मी घेत होते. ॲसिडिटी म्हणालीस, मी ॲसिडिटी धरून चालले. तुझे ब्लाऊज सैल व्हायला लागले तेव्हा मी म्हटलं, "बरी बारीक झालीस गं, मलाही सांग की काय करतेस ते." तू हसलीस आणि म्हणालीस, "तुला न्हाय जमायचं."

बाकी सगळं तू बदललंस. तुझी लेक अनघा पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आली होती, त्याचं तू लग्न केलंस. कॉलेजचा शिवणक्लास केलास. सोलापूरचं विदर्भ केलंस. एकच खरी गोष्ट जशीच्या तशी ठेवलीस, आणि तीही अशी की जगात फक्त मला ओळखता आली असती. ती मी माझ्या हातानं काढायला लावली. मला संधी देत होतीस का? की परीक्षा बघत होतीस? परीक्षा असेल तर फार वाईट घेतलीस. नापास होणाऱ्याला निदान पेपर आहे एवढं तरी कळावं की नाही?

त्या आठवड्यात चर्चा जोरात चालली. 'ताबडतोब ऑपरेशन करा', 'मुलीला विश्वासात घ्या', 'आरोग्य हीच संपत्ती'. सगळ्या पुस्तकातलं बोलल्या, आणि खरं सांगायचं तर बरोबरच बोलल्या. मीही तेच बोलले असते. रविवारी शेवटी शेवटी सविताचा आवाज आला. वेळापूरजवळच्या वस्तीवरची आपली आशाताई. पाण्याच्या टाकीवर चढून नेटवर्क धरते आणि मागं सतत शेळ्या ओरडत असतात, ती. तू मला तो आवाज सोमवारी दुपारी फोन कानाला लावून ऐकवलास.

"कमलताई, आदी मला सांगा, तुमाला भ्या वाटतंय का? वाटत आसंल तर वाटू द्या, मला बी वाटलं आसतं. लेकीच्या लग्नाचं म्हणताय त्ये खरं हाय, पन भ्या बी खरं हाय की. लगीन हू दे म्हणत आसाल तर हू दे. मी कुटं जात न्हाय. तारीक काढू, आन त्या दिशी मी येती तुमच्या संगट."

तू तिला दहापैकी दहा दिलेस. तू, जिच्या हातून आठच्या वर कधी सुटलं नाही.

मी भडकले. "थांबा म्हणून सांगणारीला दहा? उद्या ही खऱ्या बाईला असंच सांगेल."

"थांबा म्हणण्याला नाही दिले. बाकीच्यांनी कमलताईला हुकूम सोडले. हिनं एकटीनं विचारलं, भीती वाटते का."

"भीती विचारून गाठ जात नाही, शैला."

"न्हाय जात," म्हणालीस. "पण..."

आणि तुझी रिक्षा आली. त्या 'पण'च्या पुढचं मला अजून मिळालेलं नाही.

मग अनघाला मुलगी झाली. मी बाळ बघायला आले तेव्हा तू पायावर घेऊन त्याला तेल लावत होतीस, घरभर डिंकाच्या लाडवांचा वास होता, आणि तुझ्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेलं सुख होतं. मी मनात म्हटलं, बाई दमलीय पण खूष आहे. ते बघितलं याचं मला आजही बरं वाटतं. तेवढ्यासाठीच तू थांबली होतीस, हे तेव्हा कळलं असतं तर मी ते सुख डोळे भरून बघितलं असतं की तिथंच आरडाओरडा केला असता? आरडाओरडाच केला असता.

बारसं झालं आणि तू दवाखान्यात गेलीस. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. मला अनघाचा फोन आला तेव्हा मी वर्ग घेत होते.

वॉर्डात तू मला जवळ बोलावलंस. वाटलं, काहीतरी निरवानिरवीचं बोलशील. तू म्हणालीस, "सातवं प्रकरण कुणाचं हुतं, कळलं का आता?" मला क्षणभर काही समजलं नाही. तू पोटावर हात धरून हसलीस. "तूच पुसलंस की. लई बेस पुसलंस."

मी तेव्हा रागावले. मरायला टेकलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, मी रागावले. मुलीला सांगितलं नाहीस, समजलं. ती अवघडलेली होती. पण मला? मी काय बाळंत होणार होते?

"तू मला त्याच दिवशी उचलून नेलं असतंस," म्हणालीस, "अनघाच्या देखत."

खरं आहे. नेलं असतं.

मग मी तुला ते विचारलं जे विचारायला नको होतं. "त्या सवितानं सांगितलं म्हणून थांबलीस का गं?"

तू डोळे मिटलेस. "तिनं विचारलं, भ्या वाटतंय का. मी तेवढंच ऐकलं. मला कुणी विचारलंच नव्हतं तोवर. थांबायचं माझं आधीच ठरलं होतं." त्यानंतर तुला ग्लानी आली, आणि त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही.

हे तुझे शब्द मी घट्ट धरून बसले होते, शैला. तुझ्या तेराव्याला अनघानं ते सैल केले. बाळ मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "मावशी, आईनं ऑपरेशनची तारीख घेतली होती. भरती व्हायचा दिवससुद्धा ठरला होता. डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळी फोन करून तिनंच पुढे ढकललं." मी विचारलं, कुठला सोमवार. तिनं सांगितलं. तो त्या रविवारनंतरचा सोमवार होता. दुपारी तू मला सविताचा आवाज ऐकवलास, त्याच दिवशीची सकाळ.

आता कोणतं खरं धरू? आधीच ठरलं होतं म्हणालीस. मग तारीख का घेतली होतीस? की तारीख घेऊनही मनात थांबायचंच होतं, आणि कुणीतरी 'हू दे' म्हणायची वाट बघत होतीस? की वॉर्डात त्या पोरीला वाचवण्यासाठी माझ्याशी खोटं बोललीस? ते तुला शोभलं असतं. डॉक्टर म्हणतात, आधी उघडलं असतं तरी कदाचित हेच दिसलं असतं. हा 'कदाचित' शब्द डॉक्टरांना बरा सुचतो. अनघा म्हणाली, "माझ्यासाठी थांबली ती. हे घेऊन मी आता कुठं जाऊ?" तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि तिला उठावं लागलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सविताचा फोन आला.

आधी ती तुझ्यासाठी रडली. मॅडमनी मला धा पैकी धा दिल्याते, म्हणाली, सासूला दाखवलं मी. मग नाक ओढून म्हणाली, "मॅडम, आता त्या कमलताईचा शेवट तुमीच सांगणार की?"

मी म्हटलं, शेवटच्या तासाला सांगू.

"न्हाय वो, जरा आदी सांगता का? आमच्या वस्तीवर एक सुलाबाई हायत. त्यास्नी बी तसंच झालंय. पोटात गाट हाय, सोलापूरला जावा म्हणून आरोग्य केंद्रात सांगितलंय. पन धनी मेंढरं घिऊन लांब गेलाय, त्यो आल्याबिगर जात न्हाय म्हणती. मी म्हणलं, हू दे, त्यो आला की जाऊ, मी येती संगट. कमलताईला सांगितलं तसंच."

हेच मी तुला त्या दिवशी म्हणाले होते. माझंच खरं झालं, आणि ते सांगायला समोर तू नव्हतीस.

"सविता, धन्याची वाट बघू नका. उद्या तिला घेऊन ये."

"का वो मॅडम? कमलताईचं बरं झालं न्हाय का?"

"नाही झालं."

"मंजी..."

"गेल्या त्या."

मग ती अगदी हळू बोलली. "म्या सांगितल्यावानी केलं व्हय त्यांनी?"

शैला, इतकी वर्षं मी तुला सांगत आले की शेवट सांगावा, सगळा सांगावा, त्यात लपवण्यासारखं काय असतं. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी अर्धाच सांगितला. मी म्हटलं, "नाही गं. त्यांचं आधीच ठरलं होतं. पण तू भीती विचारलीस ना, ते त्यांनी ऐकलं. दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. म्हणून दहा मिळाले तुला." शब्द तुझेच. तो सोमवार मी पुसला. पुसण्याचंच काम माझं. कमलताई म्हणजे कोण, हेही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. तिला अंदाज आला का, ते मला आवाजावरून कळलं नाही.

"उद्याच्या येष्टीनं आनती मी सुलाबाईस्नी," एवढंच म्हणाली.

फोन ठेवला आणि मी कॉम्प्युटरवर सातवं प्रकरण उघडून ती ओळ होती तिथं परत लिहिली. आता ते विदर्भातलं वाटत नाही. वाटू नये. पुढच्या तुकडीसाठी खाली एक प्रश्न वाढवलाय. मैत्रिणीनं चटणी खाण्याआधी काय विचारायला हवं होतं? याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणून गुण मी देणार नाही, दुसऱ्या कुणाकडून तपासून घेईन. शेवटच्या तासाला बाकीच्या बायांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, शेवट सांगायची लई हौस ना तुला, सांग आता. सांगेन. पण सविता ऐकत असेल, आणि तिच्या डोक्यावर ते ओझं ठेवायला माझा हात उचलत नाही. तुझं 'आधीच ठरलं होतं' खरं असू दे, एवढंच मागणं आहे माझं तुझ्याकडे. खोटं असेल तर तेही मी तुझ्याइतकंच नीट सांभाळेन.

काल त्या दोघी आल्या. मी स्टँडवर घ्यायला गेले होते. सुलाबाई उंच, काटक, डोक्यावरचा पदर नीट सावरत गाडीतून उतरल्या, आणि सविता त्यांचा हात सोडायला तयार नव्हती. दिवसभर रक्त, सोनोग्राफी, हा कागद, तो मजला. दुपार टळल्यावर डॉक्टर म्हणाले, दाखल करून घेतो. सविता कागद घेऊन खिडकीपाशी गेली आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. तुला ठेवलं होतं त्याच वॉर्डाकडे जाणारा तो जिना समोर होता. मी तिकडे पाठ करून बसले.

सुलाबाईंनी पिशवीतून डबा काढला. ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधलेल्या, सोबत घरच्या शेंगाची चटणी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडापाशी नेला आणि परत ठेवला. मग चटणीची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"खावा मॅडम. सकाळधरनं तुमी बी उपाशी हाय. मला जात न्हाय."

माझा हात सवयीनं पुढे गेला होता. मी तो वाटीवर तसाच ठेवला.

"का जात नाही, सुलाबाई?" मी विचारलं. "कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं कुणी विचारेल ही त्यांना अपेक्षा नसावी. मग म्हणाल्या, "कुनाला सांगितलं न्हाय मी आजून," आणि सांगायला लागल्या. मी वाटी मांडीवर धरून ऐकत बसले.